बोर : बांधावरचे फळ, औषधातला सोबती

मराठवाड्यात गावरान बोरीचे झाड सहसा कुणी लावत नाही. ते बांधावर, गायरानात, मुरमाड माळावर आपसूक उगवते, शेळ्या-मेंढ्या त्याचा पाला ओरबाडतात, शेतकरी त्याच्या फांद्या तोडून कुंपणाला बोराटी करतो, आणि तरीही मार्गशीर्ष-पौषात ते फळांनी लगडते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हिवाळा सुरू झाला की शाळेच्या फाटकापाशी, बसस्थानकाबाहेर, आठवडी बाजारात बोरांचे ढीग लागतात. उमराण किंवा अ‍ॅपल बोरासारखी मोठी कलमी फळे एका बाजूला आणि आंबटगोड, आठोळीच जास्त असलेली गावरान बोरे दुसऱ्या बाजूला. औषध म्हणून या फळाकडे आज फारसे कुणी पाहत नाही. खोकला होईल म्हणून मुलांना बोरे खाऊ नका असे दटावले जाते, तेवढाच त्याचा आरोग्याशी संबंध उरला आहे.

प्रत्यक्षात आशियातील तीन मोठ्या वैद्यकपरंपरांनी बोराला आपल्या औषधसंग्रहात जागा दिली आहे. चिनी वैद्यकात बोराच्याच वंशाचे फळ रोजच्या काढ्यांत पडते, आयुर्वेदात ते ‘बदर’, ‘कोल’ आणि ‘कर्कंधू’ या नावांनी जागोजागी येते आणि युनानीत ‘उन्नाब’ म्हणून ओळखले जाते. यांतल्या दोन परंपरांचे नांदेडशी जवळचे नाते आहे. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय याच शहरात आहे आणि शासकीय आयुर्वेदिक व युनानी रसशाळाही येथेच आहे. त्यामुळे चिनी औषधोपचारातील या फळाचा विचार मराठी वाचकासाठी करायचा, तर तो आपल्या बांधावरच्या बोरीपासून करणे सोयीचे ठरते. तिन्ही परंपरा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बोर हे बहुतेक ठिकाणी मुख्य औषध नाही. ते सोबतीचे द्रव्य आहे. जहाल औषधाची धार कमी करणे, घाम किंवा रेच घडवताना शरीर सांभाळणे, आजारातून उठलेल्याला पचेल असे काही देणे, ही त्याची कामे आहेत.

आधी झाडाची ओळख. बोरांचा वंश झिझिफस. आपल्याकडचे गावरान बोर आणि त्यापासून निवडलेली उमराण, कडाका, मेहरुण यांसारखी वाणे झिझिफस मॉरिशियाना या जातीत मोडतात. मेहरुण हे जळगावचे, तिथल्या मेहरुण तलावाच्या परिसराचे नाव घेऊन आलेले वाण. चीनमधले बोर म्हणजे झिझिफस जुजुबा. दोन्ही भावंडे असली तरी स्वभाव निराळा. चिनी बोर कडाक्याची थंडी सोसते, हिवाळ्यात पानगळ करून उभे राहते आणि शरद ऋतूत फळ देते. आपले बोर थंडी-गारठ्याला हळवे, पण उन्हाळ्याला चिवट. फळे संपल्यावर, चैत्र-वैशाखात पाने टाकून ते स्वस्थ बसते, खोल गेलेल्या सोटमुळावर तग धरते आणि पावसाबरोबर पुन्हा पालवते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तशा दुष्काळी वर्षीही बोरी जगतात त्या याच रीतीने. पान उलटून पाहिले तर ओळख पटते: आपल्या बोरीच्या पानाची मागची बाजू पांढुरक्या लवेने मऊ लागते, चिनी बोरीचे पान दोन्ही बाजूंनी बहुधा गुळगुळीत असते.

हा फरक एका परदेशी पाहुण्याच्या नजरेतून तेराशे वर्षांपूर्वीही सुटला नव्हता. सातव्या शतकात भारतभर फिरलेला आणि पुलकेशी दुसरा राज्य करत असताना महाराष्ट्रातही येऊन गेलेला चिनी भिक्षू ह्युएनत्संग याने आपल्या प्रवासवृत्तांतात भारतीय फळांची यादी दिली आहे. आंबा, मोह, कवठ, आवळा, उंबर, नारळ, फणस यांच्या रांगेत त्याने ‘बदर’ हे संस्कृत नाव चिनी अक्षरांत लिहून ठेवले. त्याच ठिकाणी त्याने असेही नोंदवले की चीनमधले बोर भारतात आढळत नाही. म्हणजे दोन्ही फळे पाहिलेल्या माणसाला ती एक वाटली नाहीत. आजच्या वनस्पतिशास्त्राचा निर्णयही तोच आहे, आणि चिनी ग्रंथांतले गुण जसेच्या तसे गावरान बोराला चिकटवण्याआधी तो ध्यानात ठेवायला हवा.

चिनी वैद्यकात या फळाला ‘दा झाओ’ म्हणतात. पिकून लाल झालेली फळे उन्हात वाळवतात. ती सुरकुततात, गर चिकट आणि खजुरासारखा गोड होतो. औषधात हेच वाळके फळ वापरतात. चीनच्या सर्वांत जुन्या औषधिग्रंथात, शेननोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेत, औषधांच्या तीन श्रेणी आहेत. दीर्घकाळ घेतली तरी अपाय न करणारी ती वरची श्रेणी, आणि बोर त्या श्रेणीत आहे. चिनी वैद्यकात त्याची चव गोड, प्रकृती उष्णतेकडे झुकणारी आणि कार्यक्षेत्र प्लीहा व जठर असे सांगितले आहे. इथे प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात दिसणारा अवयव एवढाच अर्थ नाही. अन्न पचवून त्यातून बळ निर्माण करणारी सारी व्यवस्था त्या नावाखाली येते. भूक मंदावणे, थकवा, पातळ शौच, अस्वस्थ मन अशा तक्रारींत बोर द्यावे असे हे शास्त्र सांगते. आजच्या चिनी औषधसंहितेत त्याची मात्रा ६ ते १५ ग्रॅम दिलेली आहे, म्हणजे मूठभरही नाही.

त्याचा खरा उपयोग कळतो तो योगांमधून. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने तापाच्या आजारांवर जे लेखन केले, त्याचा आधार चिनी वैद्य आजही घेतात. त्यातला पहिलाच प्रसिद्ध काढा दालचिनीच्या कोवळ्या काड्यांचा. वाऱ्या-थंडीने आलेला ताप, अंगदुखी आणि थोडा घाम येत असताना तो देतात. दालचिनीच्या काड्या, पिओनी नावाच्या फुलझाडाचे मूळ, ज्येष्ठमध, ओले आले आणि बारा बोरे. काढा प्यायल्यावर रोग्याने तांदळाची गरम पातळ पेज प्यावी आणि पांघरूण घेऊन हलका घाम येऊ द्यावा. घाम निथळू देऊ नये. दालचिनी आणि आले घाम आणतात. बोर आणि ज्येष्ठमध त्या घामात शरीराचा ओलावा व बळ फार वाहून जाऊ नये याची काळजी घेतात. आले आणि बोर ही जोडी तर चिनी काढ्यांत इतकी नित्याची आहे, की कितीतरी योगांत ती शेवटी ठरलेली असते.

दुसरा योग याहून बोलका आहे. त्याचे नावच ‘दहा बोरांचा काढा’. छाती-पोटात पाणी साचलेल्या रोग्याला तीन अत्यंत जहाल रेचक मुळ्या-फुलांचे चूर्ण द्यायचे असते. ही द्रव्ये विषारी आहेत आणि आजच्या घडीला तो उपचार तज्ज्ञांच्याच हातचा आहे. पण रचना पाहण्याजोगी आहे. दहा टपोरी बोरे पाण्यात उकळून त्या काढ्यातून चूर्ण द्यायचे, अशक्त माणसाला कमी द्यायचे, आणि रेच झाल्यावर पेज पाजायची. रोगाशी लढणारी द्रव्ये तीन आहेत, तरी योगाला नाव मिळाले ते रोग्याला सांभाळणाऱ्या फळाचे. तिसरा योग ज्येष्ठमध, गहू आणि बोर एवढ्यांचाच. अकारण रडू येणे, मन थाऱ्यावर नसणे, झोप नीट न लागणे अशा अवस्थेत, मुख्यत्वे स्त्रियांना, तो सांगितला आहे. स्वयंपाकघरात सापडणाऱ्या जिनसांतून झालेले हे औषध आहे आणि सबंध परंपरेत त्याच्याइतके सौम्य औषध क्वचितच मिळेल.

फळाबरोबर बीही वेगळे औषध ठरले. आंबट रानबोराची आठोळी फोडून आतले तपकिरी, चपटे मगज काढतात. त्याला ‘सुआन झाओ रन’ म्हणतात. ते किंचित भाजून, ठेचून काढ्यात घालतात आणि निद्रानाशावर देतात. गोड फळाचा गर पोटासाठी आणि आंबट फळाचे मगज झोपेसाठी, अशी विभागणी चिनी वैद्यांनी कटाक्षाने पाळली. १५९६ साली छापल्या गेलेल्या ली शिझेन यांच्या विराट औषधिकोशातही दोन्हींची स्वतंत्र नोंद आहे. बोर कुणाला देऊ नये हेही ही परंपरा सांगते: पोट फुगलेले, अन्न साचलेले, अंगात कफ व ओलसर जडपणा असलेल्या माणसाला ते वर्ज्य. हिवाळ्यात नाक वाहणाऱ्या मुलाच्या हातातले बोर काढून घेणारी मराठवाड्यातली आजी याहून वेगळे काही म्हणत नाही.

आयुर्वेदात बोराचा पसारा मोठा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गण दिले आहेत. त्यांतल्या हृदयाला हितकर, उलटी थांबवणारा, अंगावर उठणारे गांधी शमवणारा आणि श्रम घालवणारा अशा गणांत बोर आहे. याशिवाय ते ‘स्वेदोपग’ आणि ‘विरेचनोपग’ या दोन गणांतही आहे. हे दोन गण फार महत्त्वाचे आहेत. ‘उपग’ म्हणजे मदतीला जाणारा. घाम आणणे किंवा रेच देणे हे ज्या द्रव्याचे स्वतःचे काम नाही, पण ते काम नीट पार पडावे म्हणून जे सोबत द्यावे, ते उपग. चीनमधला घाम आणणारा काढा आणि दहा बोरांचा रेचक योग पाहिल्यावर चरकाच्या या दोन गणांत बोर सापडावे, ही गोष्ट थक्क करणारी आहे. एकाने दुसऱ्याकडून उचलले असे म्हणायला आधार लागेल. तो नसतानाही दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांनी दोन निराळ्या बोरांना सारखेच काम द्यावे, यामागे फळाच्या गरातला गोड-आंबट, चिकट गुणधर्मच असावा असे मानणे जास्त सयुक्तिक वाटते.

भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात बोराचे तीन प्रकार येतात. मोठे गोड ते सौवीर, मधले ते कोल आणि बारीक आंबट ते कर्कंधू. आज बाजारात दिसणारी उतरंडही हीच: कलमी बोर, गावरान बोर आणि पोरे ज्यांना चन्यामन्या बोरे म्हणतात ती. ताजे आणि वाळके यांतही फरक केला आहे. ताजे फळ, विशेषतः आंबट, कफ वाढवणारे. तेच वाळले की हलके होते, कफ-वात कमी करते आणि पित्तालाही बाधत नाही. बोरे खाऊन खोकला होतो हा घरातला अनुभव आणि खोकल्याच्या काढ्यात वाळके बोर घालणारा वैद्य यांच्यात विरोध नाही. एकाच फळाच्या दोन अवस्थांबद्दल ते बोलत आहेत. बोर औषधी आहे का, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कोणते बोर, ताजे की वाळके, गर की मगज, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

मगजाचा उपयोग आयुर्वेदातही आहे, पण दिशा वेगळी. ‘कोलमज्जा’ म्हणजे बोराच्या आठोळीतले मगज, वेलदोडा, लवंग, नागकेशर, लाह्या, नागरमोथा, चंदन, पिंपळी यांच्यासह एलादि चूर्णात पडते आणि ते चूर्ण ओकाऱ्यांवर देतात. चीनने ज्या बीत झोप पाहिली, त्याच वंशाच्या बीत भारताने ओकारी थांबवण्याचा गुण पाहिला. गर मात्र अन्नाच्या रूपात आला. पंचमुष्टिक यूष नावाचे कढण जव, बोर, कुळीथ, मूग आणि मुळा यांची एकेक मूठ घेऊन करतात, आणि ताप, खोकला, पोटशूळ यांत रोग्याला पाजतात. डाळीच्या पाण्याला बोराने आणलेला आंबटपणा तोंडाची गेलेली चव परत आणतो, हे आजारातून उठलेल्या कुणालाही पटेल. बोर इतके ओळखीचे होते, की ते मापही बनले. शार्ङ्गधराच्या मानपरिभाषेत ‘कोल’ हे सुमारे ६ ग्रॅमचे वजन आहे, आणि गोळी केवढी वळायची हे सांगताना बोराच्या आठोळीचा दाखला दिला जातो.

युनानी परंपरा मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या काळात रुजली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात हकिमांना राजाश्रय होता. सर्दी-पडशात घरोघर केला जाणारा जोशांदा ही त्या काळाची सर्वांत टिकलेली खूण. उन्नाब, सपिस्तान, बेहदाणा, खत्मी, गुले-बनफ्शा आणि ज्येष्ठमध रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, गाळून घ्यायचे. उन्नाब म्हणजे चिनी जातीचेच वाळके बोर, आणि सपिस्तान म्हणजे भोकर, ज्या नावाचे तालुक्याचे गाव नांदेड जिल्ह्यातच आहे. उन्नाब आणि सपिस्तान दोन्ही पाण्यात बुळबुळीत रस सोडतात. खवखवणाऱ्या घशाला आणि कोरड्या खोकल्याला आराम पडतो तो या बुळबुळीत रसाने, असे हकीम समजावतात. ‘शरबत उन्नाब’ खोकल्याबरोबर रक्तशुद्धीसाठीही देतात. अशा रीतीने चीनमधल्या बोराची जात मराठवाड्यात पोचली ती चिनी वैद्यांमार्फत नव्हे, तर इराण-अरबस्तानातून आलेल्या वैद्यकाबरोबर.

ग्रंथांपलीकडे, घरात, बोर सणांना धरून येते. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, गाजर, तीळ यांच्याबरोबर बोरे पडतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण होते: काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात आणि जमलेली पोरे ती वेचून खातात. बदलत्या हवामानात मुलांना त्या ऋतूची फळे बाधू नयेत म्हणून ही चाल पडली असे सांगतात. नांदेडची हद्द ओलांडून तेलंगणात गेले तरी भोगीच्या दिवशी मुलांच्या डोक्यावरून बोरे ओतलेली दिसतात. भाषा बदलते, फळ तेच राहते. नांदेडला येणाऱ्या शीख यात्रेकरूंच्या मनातही बोरीचे झाड आहे. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबच्या सरोवराकाठची दुःखभंजनी बेर ही बोरच आहे आणि तिथल्या स्नानाने व्याधी जातात अशी श्रद्धा आहे.

फळे फार झाली की वाळवायची, ही मराठवाड्यातली जुनी रीत. झाडाखाली पडलेली, पिकून मऊ झालेली बोरे वेचून माळवदावर पसरतात. चार-आठ दिवसांच्या उन्हात ती विटकरी रंगाची होतात, साल गराला चिकटते, आणि हलवली की आतली आठोळी वाजते. मग उखळात कुटून, बी वेगळी करून, मीठ, जिरे आणि थोडा गूळ घातला की बोरकूट तयार. तोंडाला चव नसताना चिमूटभर बोरकूट जिभेवर ठेवतात. वाळवताना क जीवनसत्त्व बरेचसे कमी होते, त्यामुळे ताज्या बोराचा तो गुण बोरकुटात शोधू नये. आंबटपणा आणि साखर मात्र टिकते.

पाल्याचा उपयोगही विसरण्याजोगा नाही. ताजी पाने वाटून पाण्यात घुसळली की साबणासारखा फेस येतो, कारण त्यात सॅपोनिने असतात. तापात अंगाची फार आग होत असेल तर हा फेस अंगाला लावावा, असे आयुर्वेदात सांगितले आहे. मुस्लिम घरांत मृताला शेवटची अंघोळ घालताना पाण्यात बोरीची पाने उकळतात, त्यामागेही हाच स्वच्छ करणारा गुण आहे. साल तुरट असल्याने तिचा काढा जुलाबावर देतात.

आधुनिक प्रयोगशाळांनी सर्वाधिक लक्ष दिले ते चिनी रानबोराच्या मगजाकडे. त्यातील जुजुबोसाइड नावाची सॅपोनिने आणि स्पिनोसिन हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत गुंगी आणताना दिसले. माणसांवरील चाचण्याही झाल्या आहेत, पण त्या लहान आहेत आणि बऱ्याचशा अनेक द्रव्यांच्या काढ्यांवरच्या आहेत. गरातील बहुशर्करा आणि ट्रायटर्पीन आम्लांवरही काम चालू आहे. यातून बोर हे अमुक रोगावरचे सिद्ध औषध आहे असे म्हणता येत नाही. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मगजाचे अर्क वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. मधुमेहींनी वाळक्या बोरातली एकवटलेली साखर मोजूनच खावी, आणि अगदी लहान मुलांच्या हातात आठोळीसकट बोर देऊ नये; ती घशात अडकते. उतरत नसलेला ताप किंवा पंधरवड्यावर गेलेला खोकला जोशांद्यावर रेटणे धोक्याचे आहे.

ओळखीचा प्रश्न मात्र दोन्ही देशांत सारखाच बिकट झाला आहे. अस्सल ‘सुआन झाओ रन’ महाग पडू लागल्यावर चीनच्या बाजारात त्यात झिझिफस मॉरिशियानाचे, म्हणजे आपल्या बोराच्या जातीचे, मगज मिसळले जाते आणि भेसळ पकडण्यासाठी तिथे रासायनिक चाचण्या कराव्या लागतात. इकडे अत्ताराच्या दुकानात उन्नाब मागताना गावरान वाळके बोर हाती पडणे अशक्य नाही. उन्नाब गर्द लाल, लांबट, जाड गराचा आणि गोड. वाळके गावरान बोर विटकरी, गोलसर, पातळ गराचे आणि आंबट. आठोळीही निराळी: उन्नाबाची दोन्ही टोकांना निमुळती, गावरान बोराची बहुधा गोलसर व खडबडीत.

बांधावरच्या झाडांचे भवितव्य हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. जुन्या गावरान बोरीवर डोळा भरून तिचे उमराण करणे शेतकऱ्याच्या फायद्याचे असते, आणि अलीकडे मोठ्या, कमी आंबट अ‍ॅपल बोराची लागवड वाढली आहे. ग्रंथांनी आंबट बोराला जे गुण सांगितले, उलटी थांबवणाऱ्या गणात तर ‘अम्लबदर’ असा स्पष्ट उल्लेख आहे, ते या गोड पाणीदार फळांना लागू होतील असे धरता येत नाही. औषधासाठी बोर हवे असेल तर ते गावरान झाडाचे, झाडावरच पिकलेले, फळमाशीच्या अळीने न पोखरलेले आणि सावकाश पुरते वाळलेले असावे. मगजासाठी आठोळ्या आधी चांगल्या वाळवून मग फोडाव्यात, कारण ओल राहिली की मगज बुरसते आणि मग ते औषधाच्या कामाचे राहत नाही.